आमचा युटिलिटी विभाग

पाया खणायला जेसीबी आला आणि त्याच्या मागोमाग पुढच्या गल्लीतले पेंट शॉपवाले आले. हातात पिशवी, पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती. खड्ड्याच्या काठावर उभं राहून त्यांनी वाकून नीट पाहिलं. खड्ड्यात तेव्हा मुरुमाशिवाय काही नव्हतं. तरी म्हणाले, "युटिलिटीचं काय ठरवलंय?"

बाहेरगावच्या वाचकाला हे समजावून सांगायला हवं. चिंचवडमध्ये माझ्या पिढीचा माणूस आडनावानं नाही, विभागानं ओळखला जातो. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, साठच्या दशकात एमआयडीसी आली, टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली, आणि मोरया गोसावींच्या गावात फिटर, टर्नर, टूलमेकर बिऱ्हाडं करून राहिले. (टेल्कोचं नाव 2003 सालीच बदललं, पण गावानं ते अजून मनावर घेतलेलं नाही.) ही सगळी माणसं साठीला पोचल्यावर निवृत्त झाली ती फक्त पगारापुरती. सकाळी फिरायला निघाली की कुठं बांधकाम दिसतंय का बघतात. दिसलं की थांबतात. पेंट शॉपवाल्यांना भिंतीचा रंग दिसतो, हीट ट्रीटमेंटवाल्यांना सळ्या दिसतात, आणि क्वालिटीवाल्यांना तर फक्त चुका दिसतात. त्यांच्या खिशात अजून व्हर्नियर असतो. टाइल्सच्या फटी ते व्हर्नियरनं मोजतात हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि मी युटिलिटीचा. एका कंपनीत एकतीस वर्षं कॉम्प्रेसर, बॉयलर, कूलिंग टॉवर आणि जनरेटर सांभाळले. हा विभाग असा की सगळं सुरळीत चाललं असेल तर तो आहे हेच कुणाला माहीत नसतं, आणि काही बंद पडलं तर जनरल मॅनेजरला तुमचं नाव पाठ होतं. त्यामुळे वडिलांनी बांधलेलं बैठं घर पाडून नवं बांधायचं ठरलं, तेव्हा खोल्या, खिडक्या, जिना या गोष्टी मी आर्किटेक्टवर आणि घरातल्या बायकांवर सोडून दिल्या. पाणी, गरम पाणी, वीज, गॅस आणि सांडपाणी हा पाच कलमी कार्यक्रम मात्र माझा. रीतसर फाइल केली. प्रत्येक यंत्रणेची तीन-तीन कोटेशनं, त्यांचा तुलनात्मक तक्ता, शेवटच्या रकान्यात एल वन, म्हणजे सर्वांत स्वस्त कोण ते. अठरा पानं झाली. एका रविवारी चहाबरोबर ती बायकोपुढं ठेवली.

तिनं अठराच्या अठरा पानं उलटली. मग विचारलं, "अहो, यात झाडू कुठं ठेवायचा ते आहे का?"

नव्हतं.

पाण्यापासून सुरुवात करतो, कारण आमच्या शहरात सगळं तिथूनच सुरू होतं आणि दिवसाआड सुरू होतं. पवना धरणाचं पाणी नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून उचलून निगडीला सेक्टर तेवीसमध्ये शुद्ध होतं आणि मग आमच्याकडं. 2019 च्या नोव्हेंबरपासून ते एक दिवस येतं आणि एक दिवस येत नाही. हिशोब साधा आहे. शहरी माणसाला दिवसाला 135 लिटर हे सरकारी प्रमाण. आम्ही पाच जण, म्हणजे 675. दोन दिवसांचे 1350. पाहुणे, धुणं, झाडं धरून दोन हजार लिटरचा हौद पुरे, असं मी फाइलमध्ये लिहिलं होतं. लिहिताना मला आनंद झाला होता, कारण आकडा स्वच्छ होता.

मग हीट ट्रीटमेंटवाले आले. म्हणाले, "फॅक्टर ऑफ सेफ्टी?" झाले चार हजार. पेंट शॉपवाले म्हणाले, "पाइपलाइन फुटली तर सलग चार दिवस पाणी येत नाही, आमच्याकडं झालंय." सहा हजार. आमच्या मेहुण्यानं थेरगावात घर बांधलंय, त्यानं फोनवर एकच वाक्य सांगितलं, "दाजी, हौद परत मोठा करता येत नाही." या वाक्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आठ हजार. शेवटी जेसीबीला काळा पाषाण लागला म्हणून आम्ही दहा हजारांवर थांबलो. खडक लागला नसता तर आज माझ्या घराखाली पवनेचा दुसरा बंधारा असता.

हौदाला आतून टाइल्स लावल्या, तळाला उतार दिला, झाकणाला कुलूप लावलं. पहिल्यांदा पाणी सुटलं त्या दिवशी मी खुर्ची टाकून बसलो होतो. आई काठी टेकत आली, वाकून आत बघितलं आणि म्हणाली, "एवढं पाणी शिळं नाही का होणार?"

हे मी फाइलमध्ये कुठल्या रकान्यात लिहायचं? आमच्या घरात काल भरलेलं पाणी आज शिळं असतं. दिवसाआड पाणी येणाऱ्या शहरात, पाणी येण्याच्या दिवशी पहाटे, कालचं 'शिळं' पाणी झाडांना ओतून हंडा घासून 'ताजं' भरणाऱ्या बायका गल्लीत अजून आहेत. तेच धरण, तेच पाणी. मी आईला समजावलं की धरणात ते गेल्या पावसाळ्यापासून पडून आहे. ती म्हणाली, "धरणातलं वाहतं असतं." जलशास्त्र संपलं. तेव्हापासून आमच्या घरी दहा हजार लिटरचा हौद आहे आणि स्वयंपाकघरात ओट्याखाली एक पितळी घागर. पिण्याचं पाणी घागरीतलं.

हौदातून गच्चीवर पाणी चढवणारी मोटर आपोआप चालू-बंद व्हावी म्हणून सेन्सर बसवले. हा मुलाचा आग्रह. तो हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि त्याला अशी कुठलीच वस्तू आवडत नाही जी मोबाइलशी बोलत नाही. टाकी किती भरली ते त्याला ऑफिसात कळतं. एकदा मीटिंगमधून त्यानं आईला, म्हणजे माझ्या बायकोला फोन केला, "आई, टाकी चौऱ्याण्णव टक्के झाली." ती तेव्हा गच्चीवर पापड वाळत घालत होती, टाकीच्या शेजारी. म्हणाली, "दिसतंय मला." महापालिकेचं पाणी सुटल्याचं मात्र त्या यंत्रणेला अजून कळत नाही. त्यासाठी समोरच्या काकू आहेत. त्या पहाटे गॅलरीतून "पाणी आलंऽऽ" म्हणतात आणि सबंध गल्लीच्या मोटारी सुरू होतात. या यंत्रणेला देखभाल खर्च नाही. संक्रांतीला तिळगूळ तेवढा द्यावा लागतो.

आता गरम पाणी. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझी अब्रू इथंच गेली.

पर्याय चार होते. पहिला विजेचा गिझर: साठवणुकीचा घेतला तर पंधरा-पंचवीस लिटरचा आणि दोन किलोवॉटचा, झटपट गरम करणारा घेतला तर तीन लिटरचा आणि तीन किलोवॉटचा. दुसरा गॅसचा गिझर. हा मी पहिल्याच फेरीत बाद केला, आणि यात मला थट्टा करायची नाही. बंद न्हाणीघरात तो पेटला की कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि माणूस हसत-गात अंघोळीला जातो तो परत येत नाही. बसवायचाच असेल तर बाहेर मोकळ्या हवेत. तिसरा पर्याय गच्चीवरचा सोलर बंब. आणि चौथा आईचा बंब.

आईचा बंब तांब्याचा. माझ्या जन्माच्या वेळी बाळंतिणीला गरम पाणी हवं म्हणून आजोबांनी तो पुण्यातून, तांबट आळीतून आणला होता. म्हणजे आम्ही दोघं एकाच वयाचे, फक्त त्याला पोचे कमी आलेत. जुनं घर पाडताना भंगारवाला आला, त्यानं बोटाच्या पेरानं टकटक करून पाहिलं आणि किलोवर भाव सांगितला. भाव चांगला होता. मी काट्याकडं हात नेणार, तेवढ्यात आई बंबावर जाऊन बसली. शब्दशः बसली. आणि म्हणाली, "आधी मला तोल."

तर बंब राहिला. दीड वर्ष बांधकाम चाललं होतं तेव्हा तो भाड्याच्या घरात गॅलरीत होता आणि त्यात कांदे होते. नव्या घरात त्याला जागा हवी, मागच्या दाराशी, पत्र्याखाली, तीन फूट बाय तीन फूट, असं आईनं आर्किटेक्टला परस्पर सांगितलं. आर्किटेक्टनं मला विचारलं. मी नकाशात त्या जागेला 'तात्पुरती साठवण' असं नाव दिलं. कंपनीत जी वस्तू काढायची हिंमत नसते तिला आम्ही हेच नाव देत असू.

मी निवडला तो सोलर, दोनशे लिटरचा. त्यावर गच्चीत बैठक भरली. काचेच्या नळ्यांचा घ्यायचा की सपाट तांब्याच्या पत्र्याचा, यावर हीट ट्रीटमेंटवाले आणि मी पाऊण तास बोललो. सपाटाला बोअरचं क्षाराचं पाणी चालत नाही, आतल्या बारीक नळ्या चोंदतात. काचेच्या नळ्या स्वस्त, पण त्या फुटतात. आमच्या गल्लीत क्रिकेट आहे. तोंड दक्षिणेला. कोन किती? आपण साडेअठरा अक्षांशावर आहोत, त्याच्या आसपास. हिवाळ्यात जास्त ऊन हवं असेल तर थोडा अधिक. शिवाय गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच हवी, नाही तर पाणी त्याच्यात उतरणार कसं? म्हणून गच्चीवर विटांचा चौथरा, चौथऱ्यावर लोखंडी घोडा, घोड्यावर टाकी. खालून पाहिलं तर घराच्या डोक्यावर घर दिसतं. क्वालिटीवाल्यांनी घोडा ओळंब्यात आहे का ते तपासलं. तीन मिलिमीटर कललेला निघाला. त्यांचा तो आठवडा छान गेला.

सोलर उत्तम चालतो. तक्रार नाही. पण गच्चीपासून खालच्या न्हाणीघरापर्यंत पाऊण इंची पाइप चौदा मीटर येतो, आणि त्या चौदा मीटरमध्ये रात्रभर गार झालेलं साडेचार लिटर पाणी बसलेलं असतं. नळ सोडला की आधी ते येतं. कंपनीत याला आम्ही डेड लेग म्हणायचो आणि दुसऱ्याच्या डिझाइनमध्ये तो सापडला की मोठ्यानं हसायचो. आता रोज पहाटे मी तिथं उघडा उभा राहून डेड लेग संपायची वाट बघतो. ज्या शहरात पाणी दिवसाआड येतं तिथं ते साडेचार लिटर मोरीत सोडणं पाप, म्हणून खाली बादली. ती बादली तुळशीला. पाच जणांच्या अंघोळी सलग झाल्या तर एकच बादली, पण आमच्याकडं कुणी सलग अंघोळ करत नाही. तुळस बुडायची वेळ आली तेव्हा आई म्हणाली, "बंबाला पाइपच नसतो."

पावसाळ्यासाठी दोन्ही न्हाणीघरांत विजेचे गिझर बसवलेच. अशा रीतीनं चार पर्यायांपैकी तीन माझ्या घरी आहेत. तुलनात्मक तक्त्याचा हा निकाल मी कंपनीत लावला असता तर खरेदी विभागानं मला घरी बसवलं असतं.

विजेबद्दल मी कमी बोलेन. वायरिंगचा आराखडा मी स्वतः काढला. तीन फेज, तिन्हींवर भार समान, लाइटला दीड चौरस मिलिमीटरची तार, प्लगला अडीच, गिझर-एसीला चार. तीस मिलिअँपियरला तुटणारा ब्रेकर, दोन अर्थिंग. आमचा वायरमन आराखडा पाहून म्हणाला, "साहेब, हे फ्रेम करून लावा." मला कौतुक वाटलं. तो पॉइंटप्रमाणं पैसे घेत होता हे नंतर लक्षात आलं. सामान आणायला पुण्यात तपकीर गल्लीत तीन चकरा झाल्या. दसऱ्याला वास्तुशांत झाली. आणि दिवाळीच्या पहिल्या संध्याकाळी मुलगी आकाशकंदील घेऊन दारात उभी राहिली.

"बाबा, पॉइंट कुठंय?"

सबंध घरात त्र्याण्णव पॉइंट आहेत. भविष्यात येणाऱ्या विजेच्या गाडीसाठी आहे. अजून न घेतलेल्या भांडी घासायच्या यंत्रासाठी आहे. दर्शनी बाजूला, बाहेर, आकाशकंदिलासाठी नाही. बायकोनं मला काहीही म्हटलं नाही. तिनं कपाटातून जुन्या घरातली ती पिवळट वायर काढली, जिची पिन निम्मी वितळलेली आहे, आणि खिडकीच्या फटीतून बाहेर दिली. वीस वर्षं जुन्या घरात आमचा कंदील असाच लागत होता. नव्या घराची खिडकी त्या दिवाळीत चार रात्री पूर्ण मिटली नाही आणि तिथून डास आले. पाडव्यानंतर वायरमन आला, रंग दिलेल्या भिंतीत झिरी मारली, चौऱ्याण्णवावा पॉइंट काढला आणि त्याचे पैसे घेतले.

मग गच्चीवर विजेचं सोलर आलं. 2024 च्या फेब्रुवारीत केंद्राची सूर्यघर योजना आली. तीन किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान. एक किलोवॉटला दिवसाला साधारण चार युनिट धरतात, म्हणजे बारा. वीज जास्त झाली तर ती बाहेर जाते आणि बिलात वळती होते. आम्हा युटिलिटीवाल्यांना यापरतं सुख नाही. पहिला महिनाभर मी मीटरसमोर उभा राहून ते उलट मोजताना बघत असे.

मग गुरुवार आला. पिंपरी-चिंचवडच्या वाचकाला गुरुवार म्हणजे काय ते सांगायला नको. एमआयडीसीची सुट्टी, आणि म्हणून दुरुस्तीसाठी लाइट जाण्याचा दिवस. सकाळी दहाला लाइट गेली. बाहेर वैशाखाचं ऊन. गच्चीवर तीन किलोवॉटची पॅनेलं तापून निघालेली. मी ऐटीत पंख्याखाली बसलेला. पंखा हळूहळू थांबला.

आई म्हणाली, "हे तर आपलं होतं ना?"

मी समजावलं. लाइट जाते तेव्हा खांबावर वायरमन चढलेला असतो. आपल्या गच्चीवरची वीज उलटी तारांत गेली तर तो मरेल. म्हणून बाहेरची वीज गेली की सोलर आपणहून बंद पडतं. तशी त्याची रचनाच असते. बॅटरीचं वेगळं मिळतं, त्याला पैसे पडतात. आईनं शांतपणे ऐकून घेतलं. वायरमन वाचतो हे तिला पटलं. मग पदरानं वारा घेत म्हणाली, "म्हणजे ऊन आपलं, गच्ची आपली, आणि हुकूम त्यांचा."

2006 साली याच विषयावर मी वेगळ्या बाजूला होतो. राज्यभर भारनियमन चालू होतं, आणि पुणे परिसरात एक प्रयोग झाला: कारखान्यांनी ऐन गर्दीच्या वेळी आपापले जनरेटर चालवायचे, त्यांच्या वाट्याची वाचलेली वीज शहराला द्यायची, आणि शहरानं बिलात थोडा जादा आकार सोसायचा. त्या उन्हाळ्यात मी जनरेटरच्या आवाजात कानात कापूस घालून उभा असे आणि मनात म्हणे, माझ्या आईच्या डोक्यावरचा पंखा मी फिरवतोय. हे तिला मी तेव्हाही सांगितलं होतं. तिला आठवत नाही. त्या गुरुवारनंतर इन्व्हर्टर घेतला, अर्थात. जिन्याखाली दीडशे अँपियर-अवरची बॅटरी बसवली, आणि झाडू तिच्यामागं ठेवतात.

राहिलं सांडपाणी. यावर कुणी बोलत नाही, सगळे त्यावरून चालतात. न्हाणीघराच्या फरशीला नहाणी ट्रॅपकडं उतार हवा. जास्त दिला तर आई घसरेल, कमी दिला तर पाणी साचेल. मी शंभराला एक ठरवला. फरशी बसली, सांधे भरले, आणि क्वालिटीवाले डिजिटल अँगल मीटर घेऊन आले. जावयानं अमेरिकेहून पाठवलेला. गुडघे टेकून त्यांनी नऊ ठिकाणी माप घेतलं, डायरीत लिहिलं, सरासरी काढली. उठून माझा हात हातात घेतला. म्हणाले, "तीस वर्षांत असा उतार पाहिला नाही. पॉइंट नाइन नाइन."

आमचे मिस्त्री लातूरकडचे. दाराशी तंबाखू मळत उभे होते. त्यांनी कोपऱ्यातली बादली घेतली, मगभर पाणी फरशीवर ओतलं आणि उकिडवे बसून बघायला लागले. आम्हीही बसलो. पाणी क्षणभर थबकलं, मग एकजुटीनं, कुठंही न रेंगाळता, शंभराला एक या गतीनं दाराबाहेर पडून दिवाणखान्याकडं निघालं.

उतार अचूक होता. दिशा चुकली होती. मधे एकदा बायकोनं बेसिनची जागा बदलली, तेव्हा ट्रॅप समोरच्या भिंतीला गेला, आणि माझ्या फाइलमध्ये नकाशा जुनाच राहिला. क्वालिटीवाल्यांच्या यंत्रात फक्त आकडा येतो, पाणी कुठं चाललंय ते येत नाही. "साहेब, ते मागाशीच सांगणार होतो," मिस्त्री म्हणाले, "पण तुमचं मोजमाप चाललं होतं." फरशी उखडली. ते दोन दिवस क्वालिटीवाले आमच्या गल्लीतून न जाता मागच्या रस्त्यानं फिरायला गेले.

आता आणखी एका गुरुवारचं सांगतो. आषाढाची अखेर. चार दिवस सूर्य नाही, पवनेला पाणी चढलेलं, देवळाच्या घाटाच्या पायऱ्या बुडायला लागलेल्या. सोलर बंबात पावसाच्या पाण्याइतकंच गार पाणी. सकाळी साडेसहाला लाइट गेली, दुरुस्तीच्या वेळेच्याही आधी. दोन्ही गिझर गेले. विजेचं सोलर गेलं, तसंही त्याला ऊन नव्हतंच. इन्व्हर्टर होता, पण इन्व्हर्टरवर गिझर लावायचा नाही अशी पाटी जिन्याखाली मीच लावली आहे. मी पंचा गुंडाळून पॅसेजमध्ये उभा. युटिलिटी विभागाची एकतीस वर्षं, अठरा पानं, चौऱ्याण्णव पॉइंट, आणि अंगावर काटा. गॅसवर पातेलं चढवून अंघोळ उरकता आली असती, पण ओट्यावर डबे चालले होते आणि तिथं जाऊन जागा मागण्याची माझी हिंमत नव्हती.

मागच्या दारातून धूर आला.

तात्पुरत्या साठवणीत आई स्टुलावर बसली होती. बंबातले कांदे केव्हाच निघाले होते, तो चिंचेनं घासून लख्ख केलेला होता, आणि शेजारी पोत्यात करवंट्या. वर्षभराच्या करवंट्या ती कुठं ठेवत होती ते तेव्हा कळलं: विजेच्या गाडीच्या पॉइंटखाली जी कोनाड्याएवढी जागा मी चार्जरसाठी सोडली होती, तिथं. खाली जाळीवर निखारे, मधल्या नळकांड्यातून जाळ वर, भोवती पाणी. मी उभ्या उभ्या पाहिलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा उभा फायर-ट्यूब बॉयलर आहे. मधून ज्वाला, बाजूनं पाणी, खालून हवा, राख पडायला जागा. आयुष्यभर मी याच जातीच्या यंत्राला सलाम केला. फक्त याचं तोंड उघडं, दाब नाही, म्हणून बॉयलर कायदा याला लागू नाही. आईला तर कुठलाच लागू नाही.

धूर बघून आधी पेंट शॉपवाले आले, आग लागली असं समजून. मग हीट ट्रीटमेंटवाले. आग नाही म्हटल्यावर परत जातील तर चिंचवडचे कसले. दोघं छत्र्या मिटून पत्र्याखाली उभे राहिले आणि चिमणीच्या उंचीवरून वाद सुरू झाला. थोड्या वेळानं क्वालिटीवाले आले, उतारानंतर पहिल्यांदाच. खांद्यावर टॉवेल होता आणि हातात रिकामी बादली. त्यांच्याकडंही फक्त गिझर आहे.

"आजी, याची कपॅसिटी किती?" हीट ट्रीटमेंटवाल्यांनी विचारलं.

"दोन माणसं आणि एक तांब्या," आई म्हणाली.

"लिटरमध्ये?"

"माणसं बघून."

पेंट शॉपवाल्यांनी विचारलं, गरम व्हायला किती वेळ लागतो. आई म्हणाली, "तुम्ही आलात तेव्हापासून झालेलंच आहे, तुमचं बोलणं संपायची वाट बघतेय." मग तिनं नळ सोडला. वाफाळतं पाणी, आणि त्याला तो वास, धुराचा, तांब्याचा, थोडा नारळाचा. पाइप नाही, डेड लेग नाही, पहिल्या थेंबापासून गरम. मी पंचा सावरून पुढं झालो, पण क्वालिटीवाल्यांची बादली आधी नळाखाली गेली होती. काठोकाठ भरली. त्यांनी बोट बुडवून तापमान पाहिलं, समाधानानं मान डोलावली, बादली उचलली आणि निघाले.

आईनं काठी आडवी घातली.

"अहो क्वालिटी," ती म्हणाली, "गार कोण ओतणार?"